लोक सुनेकडे नाही, सासूकडे बघतात

पत्र पुण्याहून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई साठीच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. मूळ गाव गुहागर तालुक्यात. एकुलत्या मुलानं बंगळूरुला नोकरी करताना भेटलेल्या मिझो मुलीशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. सून मिझोरामची राजधानी ऐझॉलची, फिजिओथेरपिस्ट, प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती. वर्षभर सगळे एकाच घरात राहतात आणि घरात भांडण नाही. कुरबुर आहे ती बाहेरून. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका शेजारणीनं सगळ्यांसमोर विचारलं, "एवढ्याशा डोळ्यांनी दिसतं ना गं नीट?" बायका हसल्या, "मीही हसले, वेळ मारून न्यायला," असं बाई लिहितात. तेव्हापासून सून बिल्डिंगमधल्या कुठल्याच कार्यक्रमाला खाली येत नाही. पुढे सेक्रेटरींनी स्वयंपाकाच्या वासाबद्दल तोंडी तक्रार केली. आता गणपती महिन्यावर आलेत. गावाकडून जाऊबाईंचा फोन आला की सुनेचा गौरीचा ओवसा, म्हणजे नव्या सुनेनं सूप भरून गौरीपुढे उभं राहायची रीत, यंदा नको, भावकी काय म्हणेल; करायचाच असेल तर आधी तिचं नाव बदलून घ्या. मुलगा म्हणतो, ओवसा होणारच. दीर म्हणतात, "त्यांचे संस्कार वेगळे, आपले वेगळे, हे जुळायचं नाही." बाई विचारतात: "आमच्या मनात भेदभाव नाही. वंशभेद वगैरे गोऱ्या लोकांत असतो, आपल्याकडे नाही. पण लोकांची तोंडं बंद व्हायची तर तिनं थोडं बदलावं ना? साडी, नाव, ते वासाचं जेवण? आणि ओवशाचा हट्ट सोडा, असं मुलाला सांगू का?"

प्रिय ताई,

तुमचे चारही प्रश्न सुनेनं किंवा मुलानं काय सोडावं याबद्दलचे आहेत. शेजारणीनं, सेक्रेटरींनी, जाऊबाईंनी काय करावं याबद्दल एकही नाही. आणि तुम्ही स्वतः काय करावं, हेही तुम्ही विचारलेलं नाही. मला मात्र तिथूनच सुरुवात करायची आहे.

आधी हळदीकुंकू. शेजारणीच्या मनात वाईट नसेल, हे मला मान्य आहे. आपल्याकडे नव्या सुनेला चिडवायची पद्धत आहेच. पण चिडवायलाही काही रीत असते. नव्या सुनेला भाजी खारट झाली म्हणून चिडवतात, नवऱ्याच्या नावावरून उखाणा घ्यायला लावतात. तिच्या डोळ्यांवरून कुणी हसत नाही. तुमच्या भाचीच्या डोळ्यांवरून त्याच बाईंनी असा विनोद केला असता, तर तुम्ही हसला असतात का? आणि हा विनोद तुमच्या सुनेनं पहिल्यांदा ऐकला असंही समजू नका. बंगळूरुत शिकताना, रिक्षात, भाजीवाल्याकडे, हॉस्टेलच्या गेटवर तिनं तो ऐकलेलाच असणार. तिथं बोलणारे परके होते. पुण्यात मात्र त्या खोलीत तिची म्हणावी अशी एकच बाई होती, आणि ती हसत होती.

हे दोष द्यायला लिहीत नाही. वेळ मारून नेणं हे आपल्या पिढीच्या बायकांचं मुख्य शस्त्र राहिलेलं आहे. पण त्यानंतर ती खाली का येत नाही, याचं कारण तुम्ही शेजारणीत शोधताय. मला ते तुमच्या हसण्यात दिसतं.

बिल्डिंगमध्ये नवी सून आली की पहिलं वर्षभर लोकांचं लक्ष खरं तर सासूवर असतं. सासू "आमची सून" म्हणते की "मुलानं केलेली बायको" म्हणते, ओळख करून देताना नाव घेते की नुसतं "ही" म्हणते, हे सगळं टिपलं जातं. त्यावरून लोक ठरवतात की या मुलीशी कितपत सलगी करायची आणि कितपत टवाळी चालेल. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की कुणी विचारलं तर तुम्ही "आसामकडची आहे" असं सांगता, कारण मिझोराम कुणाला माहीत नसतं. गंमत म्हणजे हे उत्तर पंचावन्न-साठ वर्षांपूर्वी बरोबर ठरलं असतं. मिझो टेकड्या तेव्हा आसामातच होत्या. 1972 साली मिझोराम केंद्रशासित प्रदेश झाला आणि 1987 मध्ये राज्य. पण आज ते उत्तर देऊन तुम्ही समोरच्याला नकळत सांगता की तिचं गाव सांगण्यासारखं नाही. गुहागरच्या माणसाला कुणी "अलिबागकडचा" म्हटलं तर तुमच्या घरात त्यावर अर्धा तास चर्चा होईल.

म्हणून पहिली गोष्ट: पुढच्या कार्यक्रमाला तिला न्यायच्या आधी त्या शेजारणीकडे तुम्ही एकट्या जा. चहाच्या वेळेला जा, भांडायला नको. एवढंच म्हणा: "संक्रांतीला तुम्ही डोळ्यांवरून बोललात ते तिला लागलं, आणि मलाही. मी तेव्हा हसले, पण मला ते आवडलं नव्हतं." यापुढे एक शब्द नको. ती म्हणेल, अहो गंमत केली. म्हणू दे. दोन दिवसांत ही गोष्ट चारही मजल्यांवर पोचेल, आणि ती पोचायलाच हवी. मग सुनेला सांगा की तुम्ही जाऊन आलात. खाली ये म्हणून आग्रह धरू नका. यायचं तेव्हा ती येईल.

वंशभेद गोऱ्यांचा, आपला नाही, असं तुम्ही लिहिता. याच पुण्यातून ऑगस्ट 2012 मध्ये ईशान्येकडची शेकडो मुलंमुली हल्ल्यांच्या अफवांना घाबरून गाड्या भरभरून गावी गेली होती; बंगळूरुहून तर त्यांच्यासाठी गुवाहाटीला खास गाड्या सोडाव्या लागल्या. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये निदो तानिया हा अरुणाचलचा विद्यार्थी केसांवरून झालेल्या टिंगलीतून उद्भवलेल्या मारहाणीत गेला. त्यानंतर केंद्र सरकारला या लोकांना महानगरांत काय सोसावं लागतं हे पाहायला बेझबरुआ समिती नेमावी लागली. 2020 च्या मार्चमध्ये ह्याच चेहऱ्यांना रस्त्यात "कोरोना" म्हणून हाका मारल्या गेल्या. हे करणारे सगळे आपल्यासारखेच, स्वतःच्या मनात भेद नाही असं मानणारे. तुमच्या शेजारणीला त्या गुंडांच्या रांगेत बसवायचा माझा मुळीच हेतू नाही. पण सुनेच्या कानांना ते वाक्य त्याच ओळीतलं वाटतं, तिला दुसरं वाटावं तरी कसं?

आता वासाचं.

तो बहुधा बेकांगचा असणार, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, किंवा धुरावर सुकवलेल्या डुकराच्या मांसाचा. मिझो घरात पालेभाज्या उकडून जो 'बाई' करतात, त्यात हे पडतं. (हो, पदार्थाचं नावच 'बाई'. तिला विचारून बघा, घरात चांगला हशा होईल.) वास उग्र असतो, खोटं कशाला बोला. पण ताई, तुम्ही गुहागरच्या! सुकट तव्यावर पडली की वास कुठवर जातो, सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, भिजत घातले की जिन्यात काय होतं, हे मी तुम्हाला सांगायचं? पुण्यात सुरुवातीला घर शोधताना "मासे करणार नाही ना?" असं तुम्हाला कितीदा विचारलं गेलं असेल, आठवून बघा. 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना मराठी म्हणून ऑफिसला जागा नाकारली गेली, तेव्हा आपण सगळे किती चिडलो होतो. त्या चिडण्यात अर्थ होता. मग तोच अर्थ इथंही लावू या.

सेक्रेटरींचं काम सोपं करा. वासाचा त्रास कुणाला खरोखर होत असेल, तर चिमणी किंवा चांगला एक्झॉस्ट पंखा बसवा आणि फोडणीच्या वेळी जिन्याकडचं दार बंद ठेवा. हे शेजारधर्म म्हणून, आणि फक्त तिच्या पदार्थांसाठी नव्हे, तुमच्या बोंबलांसाठीही. त्याउपर तोंडी तक्रार आली तर शांतपणे म्हणा, लेखी द्या. सोसायटीच्या उपविधींत इतरांना उपद्रव होईल असं वागू नये हे कलम असतं, पण कुणी घरात काय शिजवावं हे ठरवायचा अधिकार कमिटीला त्यातून मिळत नाही. रविवारी निम्म्या बिल्डिंगमध्ये मासे तळले जातात, त्यांची तक्रार होते का, हा एक प्रश्न पुरेसा आहे. लेखी तक्रार येणार नाही असा माझा अंदाज. अशा तक्रारी कागदावर उतरवताना माणसं ओशाळतात. आणि कृपा करून, "ते घरात करू नकोस" असं तिला सांगू नका. आठवड्यातून एकदा आपल्या घरासारखं जेवणं ही चैन नाही. तुम्हीही गावाहून कोकम आणि कुळथाचं पीठ आणताच ना?

दिरांचं म्हणणं मी गंभीरपणे घेते, कारण ते बऱ्याच घरांत ऐकू येतं आणि ऐकायला सभ्य वाटतं. संस्कार जुळायचे नाहीत. पण जुळत नाहीत हे पाहिलं कुणी? तुमच्या घरातून ऐझॉलला आजवर कुणीच गेलेलं नाही.

मिझो समाजात शेजाऱ्याच्या अडीअडचणीला न बोलावता धावून जाणं, त्याचा गाजावाजा न करणं, हा माणसाची किंमत ठरवणारा गुण मानतात. गल्लीत कुणी गेलं की यंग मिझो असोसिएशनची पोरं कबर खणण्यापासून सगळं हातात घेतात. 1935 सालची ही संघटना जवळजवळ प्रत्येक वस्तीत आहे. दुःखातल्या घराला एकटं सोडत नाहीत. संध्याकाळी शेजारीपाजारी जमतात, गाणी म्हणत बसतात. गावाकडे मयताला अख्खी वाडी येते, कुणी लाकडं आणतं, कुणी त्या घरच्या गुरांचं पाहतं, हे दिरांनी लहानपणापासून पाहिलंय. त्यांना यात परकं काय वाटेल? मिझोराममधल्या सेलिंग गावाजवळ महामार्गाच्या कडेला भाजी-फळांची छोटी दुकानं असतात, तिथं दुकानदारच नसतो. भाव लिहिलेला, पैशांचा डबा ठेवलेला. घ्यायचं, पैसे टाकायचे, पुढं जायचं. आणि ऐझॉलच्या रस्त्यांवर हॉर्न वाजवत नाहीत. पुण्यात हे सांगून कुणाला पटणार नाही, पण आहे तसं.

म्हणजे मिझो लोक देवमाणसं आहेत असं नाही. मैदानी मुलखातल्या लोकांना ते 'वाई' म्हणतात, आणि त्या शब्दात नेहमी प्रेम असतंच असं नाही. वाईशी लग्न केलेल्या मुलीला तिथंही बोल लावणारे असतात. तुमच्या व्याह्यांनी गप्पांत "तुम्ही इंडियन लोक" म्हटलं आणि ते तुमच्या मिस्टरांना लागलं, असं तुम्ही लिहिलंय. लागणं स्वाभाविक आहे. पण मार्च 1966 मध्ये, भारतापासून वेगळं होण्यासाठीच्या मिझो बंडाच्या वेळी, ऐझॉलवर आपल्याच वायुसेनेनं हल्ले केले होते. पुढच्या वर्षापासून गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेच्या वसाहतींत नेऊन ठेवली. शांतता करार झाला तो 30 जून 1986 ला. तुमचे व्याही तुमच्याच वयाचे असतील, तर हे त्यांनी लहान वयात बघितलंय किंवा घरात ऐकलंय. त्या माणसानं मुलगी पुण्यात दिली. त्यांना त्यांच्या भावकीनं काय काय ऐकवलं असेल, याची चौकशी मिस्टरांनी एकदा केली तर दोन व्याह्यांना बोलायला विषय मिळेल.

आता गौरी-गणपती, कारण तारीख जवळ आली आहे.

तुमचा मुलगा म्हणतो ओवसा होणारच. जाऊबाई म्हणतात नको. तुम्ही विचारताय की मुलाला आवरू का. या सगळ्यात तिला काय हवंय, हे पत्रात कुठंच नाही! तिला कुणी विचारलंय का? ती ख्रिस्ती आहे, दर रविवारी चर्चला जाते असं तुम्हीच लिहिलंय. कदाचित सूप भरून गौरीपुढे उभं राहणं तिच्या श्रद्धेला पटणार नाही. कदाचित तिला ते मनापासून करायचं असेल. कदाचित ती म्हणेल, मी सूप भरायला मदत करते, ओवसणार मात्र नाही. तिन्ही उत्तरं चांगली आहेत. मुलाचा हट्टही मला तितकासा पसंत नाही. भावकीला दाखवून द्यायला बायकोला पुढं करणं, यातही तिचा विचार दुसऱ्या नंबरवरच जातो. तेव्हा तिच्याशी तुम्ही बोला, तुम्ही, मुलगा नव्हे. तिला आधी ओवसा म्हणजे काय ते नीट सांगा. सुपात काय काय भरतात, वाण कुणाला द्यायचं, नव्या सुनेचा पहिला ओवसा पूर्वा नक्षत्रातल्या गौरींतच होतो म्हणून यंदा चुकला तर पुढच्या वर्षी होईलच असं नाही, हे सगळं. आणि हेही सांगा की नाही म्हटलंस तरी तू गावी येणारच आहेस.

ती हो म्हणाली, तर जाऊबाईंना फोन तुम्ही करा. "चालेल का" असं विचारू नका. विचारलंत की समोरच्याला नाही म्हणायची सोय होते. म्हणा, "आम्ही चौघं हरतालिकेच्या आदल्या दिवशी येतोय. ओवशाची सुपं तिकडे मिळतील की चिपळूणहून आणू?" भावकीचा विषय निघाला, तर भावकीला मी बघते, म्हणा. वयानं आणि नात्यानं तुम्हाला तो अधिकार आहे, तो आजवर वापरला नसेल एवढंच. वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांची फार चिंता करू नका. पहिल्या दिवशी टक लावून बघतील. दुसऱ्या दिवशी तिला मोदकाच्या कळ्या पाडायला बसवतील आणि जमत नाही म्हणून रागावतील. म्हणजे काम झालं. तुमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो ना? मग मटणाच्या वाटपाला तिला घ्याच. तिच्या जेवणाची चव तुमच्या पुण्यातल्या शेजाऱ्यांपेक्षा तुमच्या वाडीला लवकर कळेल, अशी माझी पैज.

नाव बदलायचं मात्र डोक्यातून काढून टाका. तांदळात नाव लिहायची रीत आपल्यातल्या कितीतरी मुलींनी स्वतःहून सोडली आहे, आणि तिच्यावर ती लादायला कारण काय, तर उच्चार जमत नाही. मिझोंमध्ये बाईचं नाव बहुतेक 'ई'नं संपतं आणि पुरुषाचं 'आ'नं, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं. उरलेलं दहा वेळा म्हणून जमतं. साडीचं तिच्यावर सोडा. मिझो बायकांचं पुआन हे कमरेला गुंडाळायचं वस्त्र फार देखणं असतं. गौरी जेवतात त्या दिवशी तिनं पुआन नेसलं तर गौरीची हरकत असायचं कारण नाही.

मुलाशीही एकदा बोलायला हवं. "तिला सवय आहे, ती मनावर घेत नाही," असं तो म्हणतो, हे तुम्ही कंसात लिहिलंय. कुठलीच बायको अशा गोष्टी मनावर घेत नाही, नवऱ्याला सांगून उपयोग नाही हे कळल्यावर.

जाता जाता, अशाच अडचणीतल्या इतर वाचकांसाठी. ईशान्येकडच्या मुलांना घर भाड्यानं द्यायचं आहे पण सोसायटी अडवते, अशी पत्रं अधूनमधून येतात. ही मुलं भारताची नागरिक आहेत, त्यांना वेगळा कुठला कागद लागत नाही. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या; महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार ती जबाबदारी घरमालकाची असते. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्या, सोसायटीला लेखी कळवा. आदर्श उपविधींत कळवणं पुरेसं आहे, परवानगी मागायची नसते. "या लोकांना नको" असं कमिटी तोंडी म्हणाली, तर तेच लेखी मागा. आणि भाडेकरू आले की पहिल्या आठवड्यात त्यांना स्वतःबरोबर घेऊन शेजारच्या दोन घरी ओळख करून द्या. करारापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

ताई, आणखी एक काम राहिलंय, तुमचं आणि मिस्टरांचं. व्याही लग्नाला पुण्यात येऊन गेले, तुम्ही अजून त्यांच्या दारात गेलेला नाहीत. मार्चमध्ये जा. झूम शेतीसाठी, म्हणजे डोंगरउतारावर जंगल तोडून-जाळून करायच्या शेतीसाठी, जंगलतोड संपली की तिकडे चापचार कूट हा सण असतो, बांबूंच्या तालावरचा चेरॉ नाच तेव्हा बघायला मिळतो. मिझोरामला जायला आपल्याला इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा सरकारी परवाना, लागतं. विमानानं गेलात तर लेंगपुई विमानतळावर मिळतं, पण व्याह्यांना आधी सांगून ठेवलंत तर तेच सगळं करून ठेवतील. सप्टेंबर 2025 पासून ऐझॉलजवळच्या सैरांगपर्यंत रेल्वेही पोचली आहे, मिस्टरांना विमान नको असेल तर. विहिणीला हाक मारताना नावाआधी 'पी' लावायचं, आपल्या 'बाईं'सारखं ते मानाचं असतं. आभार मानायचे तर 'कलोमे'. आणि जाताना पिशवीत सोडे न्या, त्यांना आवडतील.